उपचारात सोबत्यालाही धरा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री
आणि राज्यातील कर्करोग विभागांचे प्रमुख



माझ्या यजमानांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला आहे. दर तीन महिन्यांनी हॉर्मोन रोखणारं इंजेक्शन आणि रोज अ‍ॅबिराटेरोन व प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू आहेत. औषध लागू पडलंय, रक्ततपासणीतला पीएसए उतरलाय. डॉक्टरांचे उपकार आहेत आणि ओपीडीतली गर्दीही मला दिसते. तरी मागणं आहे. या उपचाराचा मोठा भाग घरात पार पडतो; तो जिच्या हातून पार पडतो, तिला समोर बसवून सगळं नीट सांगा.

पहिल्या इंजेक्शनच्या वेळी फक्त पुढची तारीख मिळाली. काही आठवड्यांनी हे रात्री घामाने थबथबून उठू लागले. पंखा पाचवर, सदरा भिरकावलेला, चेहरा लालबुंद. ताप असेल म्हणून मी थर्मामीटर लावायची, तर ताप नसायचाच. पाळी जाताना बाईच्या अंगाची होते तशी ही काहिली, टेस्टोस्टेरोन उतरल्यामुळे होते, हे फार उशिरा कळलं. त्यानेच शरीरसुखाची इच्छा मावळते, मन चिडचिडं होतं, हाडं ठिसूळ होतात. हे कळेपर्यंत यजमान भिंतीकडे तोंड करून झोपत. आपल्यावर कशाचा राग धरलाय, या विचाराने मी जागी राही. आमच्या पिढीतले नवरा-बायको अशा गोष्टी आपण होऊन विचारत नाहीत. म्हणून तुम्हीच सांगायला हव्यात.

पुरुषी हॉर्मोन रोखून हा आजार आवरता येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. म्हणजे या उपचाराचे परिणाम वैद्यकाला नवे नाहीत. घरच्यांनाच ते नवे असतात.

काही गोष्टींत तर जिवाशी गाठ आहे. अ‍ॅबिराटेरोन उपाशीपोटी घ्यायचं, पुढे तासभर काही खायचं नाही. पहाटे उठवून गोळ्या देणं आणि तोवर नाश्ता थोपवणं घरचंच माणूस करतं. प्रेडनिसोलोन मनाने बंद करायची नाही. पाठदुखी वाढली, पायांतलं बळ गेलं, लघवी अडली, तर मज्जारज्जू दबत असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, नाहीतर पाय कायमचे जाऊ शकतात. हे घरच्यांना माहीत नसेल, तर "वयाने होतंय" म्हणून मोलाचे तास निघून जातील.

आमच्या मागण्या अशा:

१. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी समुपदेशकाने नवरा-बायकोशी एकत्र आणि मग प्रत्येकाशी वेगळं बोलावं.
२. परिणाम आणि धोक्याच्या खुणा सांगणारा, मोठ्या अक्षरांतला मराठी कागद हातात द्यावा.
३. रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर असावा.
४. ठरलेलं इंजेक्शन जिल्हा रुग्णालयात मिळावं आणि हाडांच्या दुखण्यावर मॉर्फिनही. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदाच बदलला आहे.

रेल्वे कर्करुग्णाला तिकिटात सवलत देते, तशी त्याच्या एका सोबत्यालाही देते. रुग्ण एकटा प्रवास करू शकत नाही, हे तिने ओळखलं आहे. आरोग्य खात्यानेही ते ओळखावं. केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली सोबत्याच्या नावाची एक ओळ छापा आणि त्या सोबत्याला काय काय सांगितलं, ते डॉक्टरांना तिथे लिहायला लावा. सुरुवात एवढ्याने होईल.

आपली,
एका रुग्णाची पत्नी