डेपो बंद म्हणजे नेमकं काय बंद?

माझं ऑफिस फुरसुंगीत आहे. वारा फिरला की उरुळीच्या कचरा डेपोचा वास येतो आणि आम्ही कॅबच्या काचा वर करतो. ड्रायव्हर काका फुरसुंगीचेच. ते स्वतःची काच वर करत नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "वास जातो हो. विहिरीचं काय करता?" त्यांच्या विहिरीला पाणी आहे. प्यायला मात्र टँकर.

माझं भांडण 'बंद' या शब्दाशी आहे. 'डेपो बंद करा' ही गावकऱ्यांची मागणी शंभर टक्के न्याय्य होती आणि आहे. पण तोच शब्द पुढारी आणि अधिकारी उचलतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच उरतो की गाड्या यायच्या थांबल्या. वरून माती, त्यावर हिरवळ, फीत कापली, फोटो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आमच्याकडे सर्व्हर बंद केला की तो बंद होतो. कचऱ्याच्या टेकाडाला असं बटण नसतं.

टेकाडाच्या पोटात ओला कचरा सडत असतो. वरून मुरणारा पाऊस त्यातली आम्लं, अमोनिया, क्षार, धातू घेऊन खाली उतरतो. हे काळं पाणी म्हणजे लीचेट. पहिली काही वर्षं त्यात जिवाणूंना खाता येईल अशी घाण जास्त असते. पुढे ती कमी होते, पण अमोनिया हटत नाही, कित्येक दशकं. म्हणजे सुरुवातीला नीट चाललेला शुद्धीकरण प्रकल्प त्याच टेकाडाच्या म्हातारपणी निकामी ठरू शकतो. लीचेट गोळा करणारे पाइपही तुंबतात. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो, तसाच तो त्यांच्यात साचतो. हे सगळं गाड्या थांबल्यानंतरचं काम.

थोडा हिशोब करू. उरुळीची जागा सुमारे १६३ एकर. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. म्हणजे त्या जागेवर दरवर्षी ४६ कोटी लिटर पाणी पडतं. सगळ्या जागेवर कचरा नाही, काही भाग झाकलेला आहे, बरंच पाणी वाहून किंवा उडून जातं, सगळं मान्य. दहा टक्केच मुरलं असं धरा. तरी दहा हजार लिटरचे ४,६०० टँकर होतात. दरवर्षी.

आज नवं लँडफिल बांधायचं तर तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिक कागद लागतो. तुमच्या शेततळ्यात ५०० मायक्रॉनचा कागद असेल, तर त्याच्या तिप्पट जाड. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. तेव्हा असा कागद जगात कुठेच नव्हता. अशा जागी फक्त वरून झाकण घालता येतं. मुंबईतच गोराईला २००७ मध्ये कचरा टाकणं थांबवल्यावर टेकाड सपाट करून झाकलं, आतला वायू गोळा करून जाळायची सोय केली. म्हणजे इच्छा असली तर होतं.

आता बायोमायनिंगचा जोर आहे. जुना कचरा उकरायचा, चाळायचा, माती-प्लास्टिक वेगळं करायचं. चांगलंच आहे. पण टेकाड हललं म्हणून जमिनीत आधीच उतरलेलं पाणी त्याच्यासोबत ट्रकमध्ये बसून जात नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितलं होतं की लँडफिल बंद केल्यावर किमान १५ वर्षं देखभाल करा: झाकण, लीचेट, भूजल, वायू. नगरसेवकाची मुदत पाच वर्षं आणि बजेट एका वर्षाचं. पंधराव्या वर्षीच्या पंपाच्या वीजबिलाला फीत कोण कापणार? म्हणून माझं म्हणणं आहे की बंद करण्याचा खर्च पहिली गाडी आत येते त्याच दिवसापासून, दर टनामागे, वेगळ्या खात्यात पडला पाहिजे. त्या खात्याला कुणी हात लावायचा नाही, रस्त्यासाठी नाही, मेट्रोसाठी नाही. आणि लीचेटची पातळी, आसपासच्या विहिरींच्या चाचण्या दर महिन्याला जाहीर व्हायला हव्यात. हवेचा एक्यूआय आपण मोबाईलवर बघतो, मग विहिरीचा का नाही?

"मग कचरा टाकायचा कुठे?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, बहुतेक वेळा वेगळा न केलेला कचरा देणाऱ्या माणसाकडून. शहरी कचऱ्यात साधारण निम्मा ओला असतो. तो टेकाडात गेलाच नाही, तर लीचेटचा मोठा भाग तयारच होत नाही.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये खताचा खड्डा बुजवून तिथे दोन गाड्यांचं पार्किंग काढायचा ठराव आला. वास येतो, अशी तक्रार होती. हात वर करून मंजूर झाला. त्यातला एक हात माझा होता. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.