लाखाची ट्रॉली, अन् पिन मात्र भंगारातली!

दसरा-दिवाळी झाली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा, टायर कुठले, टेप केवढा, याची चर्चा पारावर रंगते. पण ट्रॅक्टरला ट्रॉली ज्या हुकाने जोडली जाते तो कसा आहे, त्यातली पिन कसली आहे, हे कोणी विचारत नाही. शेतकरी बंधूंनो, सगळा माल या वीतभर लोखंडावर असतो, हे ध्यानात घ्या.

हूक घेताना आधी आपली ट्रॉली पाहा. चारचाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते, हुकाला नुसते ओढायचे असते. दोनचाकीचा काही भार मात्र थेट हुकावर बसतो. म्हणून तिला कंपनीचाच मजबूत हूक हवा, आणि त्यावर किती भार चालतो हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. दोनचाकीत ऊस मागेच जास्त भरला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन घसरतात, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट, ओढ खालूनच हवी. वरच्या टॉप लिंकच्या जागी ट्रॉली अडकवली तर चढाला पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही सवड मिळत नाही.

आता पिन. गज कापला, वर डोकं वेल्डिंग केलं, खालच्या भोकात क्लिपऐवजी खिळा ठोकला की झाली आपली पिन! "दहा वर्षं हीच चालतीय की," असे वर म्हणायचे. पण दहा वर्षांत ती झिजली किती? २५ मि.मी.ची पिन झिजून २० वर आली तर डोळ्यांना पाचवा हिस्सा गेलेला दिसतो. ताकद मात्र एक तृतीयांशाहून जास्त जाते. अशी पिन वेल्डिंगने भरूनही घेऊ नका, चांगल्या पोलादाचे पाणी त्या उष्णतेने उतरते. सरळ बदला.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी पहिलीच्या मागचा हूकही वाकून बघावा. तो बहुधा गावातच वेल्डिंग केलेला असतो, आणि भरलेली अख्खी ट्रॉली त्याच्यावर असते. शिवाय साखळी हवीच. ती पिनला किंवा हुकाला नव्हे, ट्रॅक्टरच्या पक्क्या भागाला बांधा; नाहीतर हुकाबरोबर तीही जाईल.

पिन तुटली की ट्रॉली उतारावर मागे सुटते. मागे मोटारसायकलवर कोणाचा तरी मुलगा असतो. उसावर तोडणी कामगारांची बायकापोरं बसलेली असतात. अशा वेळी 'नशीब' म्हणून मोकळे होणे बरे नव्हे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनातच मोडते. मग वाहतुकीचा करार करताना कारखान्याच्या शेतकी खात्याने कागदांबरोबर हूक, पिन आणि साखळीही का तपासू नये? सरपंच, पोलीस पाटलांनीही हंगामाआधी एक सकाळ गावातल्या ट्रॉल्या चौकात उभ्या कराव्यात. रिफ्लेक्टर पाहताना पिनही उपसून पाहावी. याला शासनाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. एका पान्याची आणि थोड्या सवडीची आहे.