दहा ओळींचं न्यूरल नेटवर्क

"न्यूरल नेटवर्क? दहा ओळींचं काम आहे रे!" ऑफिसात चहाच्या वेळी हे वाक्य हल्ली रोज कानावर पडतं. अहो, त्या दहा ओळी लायब्ररीला हाक मारण्याच्या. नेटवर्क तुम्ही लिहिलंच कुठे?

मागच्या शनिवारी शिनोलीला मामाकडे होतो. मोबाइलला रेंज नव्हती. म्हटलं, होऊन जाऊ दे, लायब्ररीशिवाय एक नेटवर्क लिहू. उदाहरण समोरच होतं, जिन्यातला दिवा. वर एक बटण, खाली एक. दोन्ही वेगवेगळी असली की दिवा लागतो, सारखी असली की विझतो. आपला एक्सऑर! एका थराच्या पर्सेप्ट्रॉनला हे जमत नाही, हे मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं. मधे दोन न्यूरॉन घातले की जमतं. शिकायचे आकडे किती? फक्त नऊ.

या नऊ आकड्यांनी माझा अख्खा शनिवार खाल्ला. आधी सगळी वजनं शून्य ठेवली. दोन्ही न्यूरॉन जुळ्या भावांसारखे वागले, उत्तर ०.५ वरून हलेना. मग रँडम आकडे घेतले, तर कधी शिकायचं, कधी अडकून बसायचं. रात्री अकराला एक चूक सापडली. शेवटच्या थराची वजनं आधी बदलून, त्या बदललेल्या वजनांवरून मी मधल्या थराची चूक काढत होतो. गंमत म्हणजे तरीही ते बऱ्याचदा शिकत होतं!

माझा मुद्दा हाच. सेमिकोलन विसरलात तर कंपायलर बोंब मारतो. चुकलेलं नेटवर्क गप्प राहतं, थोडं कमी शिकतं, आणि आपण अचूकतेची स्लाइड करून मोकळे. तुम्ही म्हणाल, लायब्ररीत अशा चुका नसतात. मान्य. पण चुकीची लेबलं, भलताच डेटा, या चुका आपल्याच, आणि त्याही तितक्याच मुक्या.

इकडे जुन्नर-आंबेगावात बिबट्या दिसला की भोंगा वाजवणाऱ्या एआय कॅमेऱ्यांची चर्चा असते. कल्पना चांगलीच आहे. पण शंभर फोटोंत पाच बिबटे असतील, तर प्रत्येक फोटोला "बिबट्या नाही" म्हणणारं यंत्रही ९५ टक्के अचूक ठरतं! रात्रीची लाईट असली की मामा बॅटरी घेऊन शेताला पाणी भरायला निघतो. उरलेल्या पाच टक्क्यांत तो उभा असतो.

लायब्ररी जरूर वापरा. पण एकदा, एकदाच, नऊ आकड्यांचं नेटवर्क हातानं लिहा. मग ऑफिसात "सोपं आहे" म्हणून दाखवा. तुमच्याच्यानं म्हणवणार नाही!