मेंदूतला काजवा

दरवर्षीप्रमाणे यंदाही उन्हाळ्याच्या सुटीत मी माझ्या गावी, बुऱ्हाणपूरला, गेलो होतो. गाव मध्य प्रदेशातले; पण आमच्या गल्लीत मराठीच चालते, हिंदीची फोडणी दिलेली. माझा मावसभाऊ तिथे पॉवरलूमवर कामाला होता. ‘होता’ म्हणायचे कारण, त्याला फिट येतात. चालत्या मागाशेजारी एकदा तो कोसळला, हात थोडक्यात वाचला, आणि दुसऱ्या दिवशी मालकाने हिशेब चुकता करून त्याला घरी पाठवले. घरात अजूनही फिट आली की नाकाशी कांदा धरतात आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दार लावून घेतात.

एका रात्री गच्चीवर बसलो असताना मी त्याला नुकत्याच वाचलेल्या एका संशोधनाची हकीकत सांगितली. त्यावर त्याने जो प्रश्न विचारला, त्यानेच मला हा लेख लिहायला लावले आहे.

सुरुवात मी काजव्यापासून केली. बुऱ्हाणपूरला त्याला जुगनू म्हणतात. या अंकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र मिंचुहुळ म्हणतात, म्हणजे चक्क विजेचा किडा! वस्तुतः त्याच्या पोटात वीज नसते. असते ते ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य आणि ल्युसिफरेज नावाचे विकर. विकराच्या साहाय्याने त्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश पडतो, आणि तोही थंड. याला जीवदीप्ती म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या चमकतात, तीही जीवदीप्तीच.

आता मेंदूकडे येऊ. २००५ साली एडवर्ड बॉयडेन, कार्ल डायसेरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हिरव्या शैवालातले प्रथिन चेतापेशीत बसवून दाखवले. निळा प्रकाश पडला की या प्रथिनाचे दार उघडते, धनभारित कण आत शिरतात आणि पेशी संदेश सोडते. याच जातीची दुसरी काही प्रथिने उलट पेशीला गप्प करतात. ऑप्टोजेनेटिक्स म्हणून ही विद्या आज प्रसिद्ध आहे. अडचण एकच, पण मोठी: मेंदूत प्रकाश फार खोल जात नाही. म्हणून कवटीला भोक पाडून काचेचा बारीक तंतू आत सोडावा लागतो. डोक्याला अशी दोरी बांधलेल्या उंदरांची छायाचित्रे मी पाहिली आहेत आणि, खरे सांगतो, ती मला पाहवली नाहीत.

मग दिवा बाहेरून नेण्याऐवजी पेशीतच का लावू नये? केन बर्गलुंड, उटे होखगेश्वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली नेमके हेच करून दाखवले. समुद्रातल्या एका चिमुकल्या कवचधारी जीवाचे ल्युसिफरेज त्यांनी प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाला जोडून टाकले. या जोडप्रथिनाला ल्युमिनॉप्सिन म्हणतात. त्याला लागणारे ल्युसिफेरिन दिले की जिथे जिथे हे प्रथिन असेल तिथे पेशी स्वतःच उजळते आणि स्वतःच त्या उजेडाचे ऐकते.

भावाला हे समजेना. तेव्हा मी त्याला आमच्या गावच्या कुंडी भंडाऱ्याचा दाखला दिला. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात झालेले हे काम. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून केवळ उताराने गावाकडे येते. वर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. प्रत्येक घरासाठी वेगळी विहीर खणणे म्हणजे तो काचेचा तंतू; आणि रक्तातून सगळीकडे पोचणारे ल्युसिफेरिन म्हणजे हा भंडारा. हे त्याला लगेच पटले.

फिट येते तेव्हा असंख्य चेतापेशी एकदम, बेताल संदेश सोडू लागतात. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात पेशींना गप्प करणारी ल्युमिनॉप्सिने उंदरांच्या मेंदूत बसवली, तेव्हा अशा झटक्यांना आळा बसल्याचे दिसले. २०१८ सालच्या प्रयोगात तर एकाच वेळी मेंदूतल्या एकाहून अधिक जागी. हा उजेड मंद असतो, थोडा वेळ टिकतो, आणि हे सारे उंदरांपुरते आहे, हेही मी त्याला सांगितले. खोटी आशा दाखवणे हे कांदा हुंगवण्यापेक्षा वाईट.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, तो दिवा पेटवायचं औषध माझ्या हातात राहील, की दुसऱ्या कुणाच्या?”

आमच्या स्टाफरूममध्ये हाच विषय निघाला तेव्हा एक प्राध्यापकमित्र म्हणाले होते, “माणसाची कळसूत्री बाहुली करायची ही तयारी आहे.” त्यांची भीती मला अगदीच पोकळ वाटत नाही. ल्युसिफेरिन संपले की दिवा विझतो हे खरे. पण पेशीत घातलेले जनुक काढून घेता येत नाही. म्हणून माझे मत असे की, उद्या हे माणसापर्यंत आलेच तर ज्याच्या डोक्यात दिवा बसवायचा त्याला त्याच्या भाषेत सर्व समजावून सांगितल्याशिवाय सुईसुद्धा लावू नये. गरिबाचा अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे.

पण म्हणून संशोधनच नको, हे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार योग्य निदान आणि औषधोपचार मिळाल्यास १०० पैकी ७० पर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. आपल्याकडे त्या ७० जणांपर्यंतही गोळ्या धड पोचत नाहीत, ती लाज वेगळीच. माझा भाऊ उरलेल्या ३० जणांतला. तीन औषधे बदलून झाली. बाहुली होण्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी त्याला जमिनीवर पडलेला एकदा पाहावे; त्या दोन मिनिटांत त्याच्या हातापायांचे दोर कुणाच्या हाती असतात? त्याच्या तर नक्कीच नसतात.

हे त्या रात्री मी त्याला बोललो नाही. “तुझ्याच हातात राहायला हवं,” एवढेच म्हणालो. त्याने मान हलवली, रात्रीची गोळी घेतली, आणि उद्या नव्या जागी हिशेब लिहायच्या कामासाठी विचारायला जायचे आहे, तिथे फिटबद्दल आधीच सांगावे की नंतर, असे मला विचारू लागला.