पदवी आहे, परमिट नाही

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जोरदार वाद झाला. मित्र म्हणाला, "चार वर्षं इलेक्ट्रिकल केलं, आणि स्वतःच्या घरात एसीचा पॉइंट काढायला वायरमनचं परमिट लागतं? काय न्याय आहे हा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सोडून.

राव, आधी नियम तरी नीट वाचा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत तो होता, २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण खुशाल बदला. पण वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलणार असेल तर परवानाधारक कंत्राटदार, प्रमाणपत्रधारक सुपरवायझर आणि परमिटवाला कामगार हवा. नुसत्या पदवीला सूट नाही.

आणि नसावीच! मीही इलेक्ट्रिकलचाच. गेल्या दिवाळीत घरी देवघरात दिव्याचा नवा पॉइंट मीच काढला. बटण दाबलं, दिवा लागला. टेस्ट पास! महिन्याभराने आईने बटण बंद करून, बल्ब काढून, ओल्या फडक्याने होल्डर पुसला. झटका बसून ती लोखंडी स्टुलावरून पडली. मनगट मोडलं.

वायरमनकाका आले, टेस्टर लावला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, बटण न्यूट्रलवर घातलंय. फेज तसाच जिवंत आहे."

एमसीबी वायरला जपते, माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते, हे मी परीक्षेत झकास लिहिलं असतं. घरात मात्र ती नव्हती. ट्रान्सफॉर्मरची गणितं सोडवणं वेगळं आणि २३० व्होल्टची जोडणी तपासणं वेगळं.

आता म्हणाल, परवानेवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? बरोबर. कंत्राटदाराची सही एकीकडे आणि पक्कड भलत्याच पोराच्या हातात, हे सर्रास चालतं. पण म्हणून इंजिनिअरला मोकळं सोडायचं? सही करणाऱ्याने जागेवर येऊन तपासावं, असा हट्ट आपण गिऱ्हाईक म्हणून का धरत नाही? दोनशे रुपये वाचतात म्हणून!

इंजिनिअरला सूट नको, प्रॅक्टिकल परीक्षा द्या. फेज ओळखा, अर्थिंग मोजा, मग परमिट घ्या. मी नापास झालो असतो.

असो. कोडमधला बग सोमवारी सुधारता येतो. आईचं मनगट थंडीत अजून दुखतं.