आरोग्याच्या चार गोष्टी : आजार फुप्फुसाचा, मग पाय का गेले?



गेल्या आठवड्यात टिटवाळा स्टेशनवर ओळखीच्या एक ताई भेटल्या. त्यांचे पती हमालीचे काम करतात. न्यूमोनिया होऊन ते चौदा दिवस अतिदक्षता विभागात होते, त्यातले नऊ दिवस श्वसनयंत्रावर. जिवावरचे निभावले. जयभीम, विचारपूस झाली आणि ताई म्हणाल्या, "भाऊ, आजार फुप्फुसाचा होता, मग ह्यांचे पाय कसे गेले? गोण्या वाहणारा माणूस, आता स्टेशनचा जिना कठडा धरून चढतो. आणि तिथे व्यायाम घेणारी मुलगी ह्यांच्या मांडीला जेल लावून सोनोग्राफी करायची. सोनोग्राफी पोटाची करतात, मांडीची कशाला? बिल वाढवायला?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते अनेक घरांत विचारले जातात, म्हणून उत्तर येथे देतो.

गंभीर आजारात हालचाल थांबते, अन्न कमी जाते आणि संसर्गाशी झुंजताना शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरू लागते. लंडनमध्ये ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा दिवसांत त्याचा आडवा छेद सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. एकाहून अधिक अवयव निकामी झालेल्यांत घट जास्त होती. नातेवाइकांना मात्र हे दिसत नाही, कारण अंगावर सूज असते. पाय उलट जाडच वाटतो, टेपने मोजले तरी फसगत होते. बेशुद्ध माणसाला "पाय उचला" असे सांगून ताकदही तपासता येत नाही.

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. तिच्यात क्ष-किरण नाहीत, वेदना नाही आणि रुग्णाला खाटेवरून हलवावे लागत नाही. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो, खराब होऊ लागला की पांढुरका होतो. श्वास घेण्याचा मुख्य स्नायू, म्हणजे छातीखालचा पडदा, तोही असा पाहता येतो.

पण यंत्र आणून ठेवले म्हणजे काम झाले असे नाही. हाताने स्नायूंची ताकद तपासणे फिजिओथेरपिस्ट कॉलेजात शिकतात. सोनोग्राफीचे चित्र वाचणे ही वेगळी विद्या आहे. आधी निरोगी सहकाऱ्यांच्या पायावर सराव करावा लागतो. कमरेच्या पुढच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप लावून ठरलेल्या जागी पेनाने खूण करायची आणि दर वेळी तिथेच मोजायचे. पाय सरळ व सैल हवा, जेल भरपूर हवे, प्रोब अगदी हलका धरायला हवा. प्रोब दाबला की स्नायू चपटा होतो. समजा जाडी २० मिलिमीटर आहे आणि दाबल्यामुळे २ मिलिमीटर कमी भरली, तर दहा टक्के घट कागदावर आली, जी शरीरात नाहीच! म्हणून दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजायचे, मग ताडून पाहायचे. हे जुळेपर्यंत शिक्षण पुरे झाले असे समजू नये.

आपल्याकडे कायद्याचीही बाब आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, पुढे १९९४ चा केंद्रीय कायदा आला. मुलींच्या जिवासाठी तो हवाच. त्यामुळे मांडी पाहण्यासाठी आणलेल्या यंत्राचीही नोंदणी लागते. ते पिशवीत घालून घरोघर हिंडता येत नाही. म्हणून हे शिक्षण नोंदणी असलेल्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

आता बिलाचे. ताई, चित्र काढल्याने स्नायू भरत नाही. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात १०४ रुग्ण होते. श्वसनयंत्रावर असतानाच ज्यांना लवकर हालचाल करवली, त्यांतले ५९ टक्के घरी जाताना आपली कामे आपण करू लागले होते. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. मात्र जोर वाढवला की फायदा वाढतोच असे नाही, हे २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणून व्यायाम बेताने आणि रुग्ण पाहून द्यावा लागतो. मोजलेल्या आकड्यावरून व्यायामात, आहारात काही ठरवले जात असेल तर मोजणे सार्थकी लागले. काहीच ठरत नसेल, तर तुमची शंका खरी.

तेव्हा आपले माणूस अतिदक्षता विभागात असेल तर न संकोचता तीन गोष्टी विचारा. हातपाय रोज हलवले जातात का? स्नायू मोजला असेल तर काय आढळले आणि त्यावरून काय बदलले? घरी गेल्यावर कोणता व्यायाम, किती वेळा? शेवटचे उत्तर कागदावर लिहून घ्या.

ताईंच्या पतींना आता फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून उठणे-बसणे शिकवले आहे. डॉक्टरांना विचारून डाळ, अंडी, सुकट सुरू आहे. हमालीला अजून अवकाश आहे, आणि तोपर्यंत "बरा झालास ना, मग आळस कसला?" असे त्यांना कोणी म्हणू नये. पाय गेले ते आजाराने. परत यायला महिने लागतात.