पुलीतलं रबर

झोक्याला नेमक्या वेळी हलकासा धक्का देत राहिलं, तर तो केवढा उंच जातो, नाही का? मोटारीच्या इंजिनातही असंच घडतं. पण तिथे ते घातक ठरतं!

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं, तेव्हा त्यात सेकंदाला १०० वेळा इंधन पेटतं. प्रत्येक दणक्याने क्रँकशाफ्ट हा जाडजूड दांडा किंचित पिळतो नि सुटतो. धक्क्यांची लय जुळली, की पीळ वाढतो. कधी दांडा तुटतोसुद्धा! म्हणून पुष्कळ इंजिनांत दांड्याच्या टोकाच्या पुलीतच डॅम्पर असतो. आत मधला भाग, बाहेर जड कडं आणि दोहोंमध्ये रबर. ते हा पीळ जिरवतं.

मात्र उष्णतेने, तेलाने रबर वर्षानुवर्षांत भेगाळतं. कडं सरकतं. मग कड्यावरची टायमिंगची खूण खोटं बोलू लागते! पट्टा निसटला, तर बॅटरीचं चार्जिंगही थांबतं.

अशा वेळी मिस्त्रीकाका पट्टे काढतात, मधला बोल्ट सोडतात आणि पुलर लावून पुली ओढून काढतात. नवी पुली हातोड्याने ठोकायची नाही हं! खाच जुळवून ती हळूहळू दाबत बसवायची आणि बोल्ट पुस्तिकेतल्या मापानेच आवळायचा.

घरी जुनी गाडी आहे? पुली दिसत असेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना आई-बाबांना तिच्या मधल्या भागापासून कड्यापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढायला सांगा. महिन्याने पुन्हा पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर काय समजायचं? सांगा पाहू!